पहिला घास भगवानरावचा

रुखमाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. उठायचं, भाकरी थापायची, फडक्यात बांधायची आणि उजाडायच्या आत मेहकरच्या बाजार समितीत हजर व्हायचं. हंगामात सोयाबीनच्या गाड्या आदल्या संध्याकाळपासूनच रांगेला लागलेल्या असत. माप झालं की पोत्याचं तोंड शिवायचं, हे तिचं काम. हातात दाभण आणि कमरेला सुतळीचा गुंडा. मी हमाल होतो. तिनं शिवलेलं पोतं माझ्या पाठीवर यायचं.

शिवण कशी आहे ते पोतं वाहणाऱ्याला कळतं. टाके लांब पडले की दाणा मानेवरून गळत जातो आणि अडत्या हमालावर ओरडतो. टाके फार जवळ घेतले तर ताग कापला जातो आणि तोंडच फाटतं. रुखमाबाईचं पोतं माझ्या पाठीवर कधी उसवलं नाही. पुढे हातात धरून चालवायचं शिलाई मशीन आलं. काम भराभर होऊ लागलं. पण त्या मशीनच्या शिवणीचा एक दोरा ओढला की सगळं तोंड उघडतं. जुनी, विरलेली पोती शेवटपर्यंत तिच्याकडेच येत राहिली.

दुपारी आम्ही सगळे गोल करून जेवायचो. ह्याचं लोणचं त्याला, त्याची वांग्याची फोड ह्याला. रुखमाबाई भिंतीकडे तोंड करून एकटी बसायची. ती कुणाचं घेत नसे आणि कुणाला देत नसे. मला वाटायचं, बाई चिक्कट आहे. एकदा मी मुद्दाम मागून जाऊन तिच्या भाकरीला हात घातला. तिनं भाकरी छातीशी ओढून धरली.

"माह्या हातचं खाऊ नको, नारायणभाऊ."

"काऊन वो? जहर कालवून आनलं का?"

"गावात लोक तेच म्हनतात," ती म्हणाली. हसली नाही.

मी तिच्या फडक्यातला तुकडा मोडून तोंडात टाकला. भाकरी जरा जाड होती, पण चांगली भाजलेली होती. मी गिळेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं सगळं सांगितलं.

तिचं सासर मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या अलीकडचं एक लहान गाव. नवरा गोविंदा शेतात राबणारा, तब्येतीनं दणकट. थोरला दीर भगवानराव. घर एकच, चूल एकच, आणि घरातला शब्द भगवानरावचा. एका वर्षी गोविंदाला जेवण जाईना. दोन घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं, मग उलटी. त्याचे गाल बसले, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं, दुर्बिणीतून पोट बघून घ्या. भगवानराव म्हणाला, दुर्बिणीला काय दिसतं, याला कुणीतरी खाऊ घातलंय.

आमच्याकडे हा समज जुना आहे. कुणी अन्नातून काहीतरी खाऊ घालतं, ते पोटात चिकटून बसतं आणि माणूस वाळत जातो. ते काढणारेही असतात. भगवानराव भावाला अशाच एका माणसाकडे घेऊन गेला. त्यानं गोविंदाच्या बेंबीला नळी लावली, दुसऱ्या टोकानं तोंडानं ओढलं आणि ताटलीत एक काळा गोळा थुंकला. त्यात केस होते. त्यानं विचारलं, घरात याला जेवायला कोण वाढतं?

बायको वाढते. दुसरं कोण वाढणार?

त्यानंतर गोविंदाला रुखमाबाईच्या हातचं पाणीसुद्धा बंद झालं. महिने असेच गेले. शेवटी अकोल्याला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोटाचा कॅन्सर, आता फार पुढे गेलाय. गोविंदा गेला. तेरवीला रुखमाबाई पंगतीत वाढायला उभी राहिली. पहिल्याच पानावर भगवानराव होता. त्यानं आपली पत्रावळ उचलून उलटी ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इच्या हातचं कोनी खाऊ नका. माहा भाऊ खाऊनच मेला."

सगळ्या पंगतीनं पानं उलटी केली. तिच्या हातात वरणाची बादली होती. ती खाली ठेवून ती तशीच निघाली आणि दुसऱ्या दिवशी मेहकरला बहिणीकडे आली. लेकरू नव्हतं. मागे बघायला काही नव्हतं.

"मंग आता काय?" मी विचारलं होतं.

"एक दिस गावजेवन घालीन. त्याच गावात. पयला घास त्याच्या तोंडात, माह्या हातचा. अख्खं गाव पाहीन."

"अन् तो आंधीच मेला तं?"

"मरू देत नाई त्याले," ती म्हणाली आणि दाभण उचलून कामाला लागली.

हे बोलणं मी मनावर घेतलं नव्हतं. माणसं रागात बोलतात. पण तिचा राग बोलण्यापुरता नव्हता. ती सणाला नवं लुगडं घेत नसे. ताप असला तरी खाडा करत नसे. बहिणीच्या घराला भाडं देई, भाकरीपुरतं ठेवी, बाकी बँकेत. मी म्हातारा झालो, पाठ गेली, काम सोडलं, बाजार समितीत नुसता बसायला जाऊ लागलो. ती शिवतच होती.

गेल्या वर्षी पोळा झाला आणि तिला एक फोन आला. पलीकडे मयुरी होती, भगवानरावच्या मुलाची, हरिओमची बायको. लग्न होऊन तीन वर्षं झालेली. तिनं चुलत सासूला कधी पाहिलेलंही नव्हतं. नंबर कुठून तरी मिळवला होता.

"काकू, मामंजीले जेवन जाऊन नाई राह्यलं. ह्यायनं त्यायले नळीवाल्याकडे नेलं. त्यानं गोळा काढला. आता मले चुलीपाशी जाऊ देत नाईत. माह्याकडे सारे कसे पाहून राह्यले, तुमाले सांगू नाई शकत."

रुखमाबाईनं मला बोलावून घेतलं. "नारायणभाऊ, चाल माह्यासंगं. एकटी गेली तं दारातूनच हाकलतीन."

आम्ही एसटी धरली. मोताळ्याच्या अलीकडे मी विचारलं, भगवानराव मरायला टेकला याचा आनंद होतोय का? ती म्हणाली, "नाई. घाबरली मी. घास न खाताच जाईन तो."

अंगणात बाजेवर भगवानराव पडला होता. मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. अंग मोठ्या माणसाचं, पण आत मांस उरलेलं नव्हतं. आमच्यात बाई थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर घेते, त्याचं नाव तोंडातून काढत नाही. रुखमाबाईनं पदर खांद्यावरच ठेवला आणि बाजेच्या पायथ्याशी उभी राहिली.

हरिओम घरातून धावत आला. "तू कायले आली इथं?"

"पावनी म्हनून आली. चहा ठेव."

"तुह्या हातानं इथं एक मेला, तेवढं पुरे नाई का?"

"हरिओम, तुह्याशी मंग बोलतो. आंधी ह्याच्याशी." ती बाजेकडे वळली. "भगवान्या."

हरिओमचं तोंड उघडंच राहिलं. शेजारच्या ओट्यावर दोन बायका येऊन उभ्या राहिल्या.

"भगवान्या, त्यानं नळी लावली तवा तुहे डोये उघडे होते का बंद?"

भगवानरावनं हरिओमकडे पाहिलं. "उघडे," तो म्हणाला.

"मंग काय दिसलं?"

"कायले विचारतं?"

"काय दिसलं ते सांग. पोराले आयकू दे."

"गालात होता गोळा," भगवानराव म्हणाला. "आंधीपासूनच. ओढाच्या टायमाले त्यानं जिभेनं पुढं आनला. मी खालून पाहून राह्यलो होतो."

हरिओम खाली बसला. मयुरी दाराच्या आडून सगळं ऐकत होती. ती रडली नाही, एकदम बाहेर आली आणि म्हणाली, "चार दिस झाले, मामंजी. चार दिस तुमी चूप बसले. माह्यावर आलं तरी."

म्हाताऱ्याची अडचण वेगळी होती. हा गोळा खोटा म्हटला की तोही गोळा खोटा ठरतो. गोविंदाचा. ते त्याला बोलवत नव्हतं, म्हणून त्यानं सुनेला तशीच उभी राहू दिली होती. मला त्याच्याबद्दल दया आली असं मी लिहिणार नाही. आली नाही.

रुखमाबाईनं बोलणं लांबवलं नाही. "आयक. उद्या दुर्बीन टाकाले जायचं. नाई म्हनशीन तं मी अन् मयुरी ठान्यात जातो, जादूटोन्याच्या कायद्यात नळीवाल्यासंगं बाप-लेक दोघंही जातीन. औषध घे, जग. अन् ज्या दिशी घास गिळता येईन त्या दिशी मारुतीच्या पारावर माह्या हातचं खायचं. खायच्या आंधी बोलायचं, का माह्या नवऱ्याले मी काई घातलं नोतं."

"मरू दे मले," भगवानराव म्हणाला.

"इतकं सोपं नाई," ती म्हणाली.

बुलढाण्याला दुर्बीण टाकली, पोटातून तुकडा काढला. कॅन्सरच निघाला. तिथून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. रुखमाबाई म्हणाली, मी येणार. तिला ऐकायचं होतं. मीही गेलो. तिथल्या डॉक्टर शरयूबाई वयानं लहान, पण घाई न करणाऱ्या. मला ते आवडलं. त्यांनी कागदावर चौकोनाला चौकोन लावून काढले.

"पोटाच्या आत पेशींचं अस्तर असतं. प्रत्येक पेशी शेजारच्या पेशीला घट्ट जोडलेली असते, म्हणून पोटातलं आम्ल पोटातच राहतं, बाहेर झिरपत नाही. हे जोड काही प्रथिनांचे बनलेले असतात. त्यातल्या एकाचं नाव क्लॉडिन. चांगल्या पोटात ते दोन पेशींच्या मधल्या फटीत दडलेलं असतं. कॅन्सरमध्ये पेशींची ओळ मोडते, जोड सैल होतात आणि क्लॉडिन उघड्यावर येतं. आता एक औषध निघालंय. ते क्लॉडिनला जाऊन चिकटतं, आणि मग शरीर त्या पेशीला मारतं."

"म्हंजे शिवन उसवली का दोरा बाहीर दिसते," रुखमाबाई म्हणाली, "अन् तो दोरा धराचा."

"हो, असं म्हणता येईल."

"दोरा दिसलाच नाई तं?"

"तर हे औषध चालणार नाही. दहातल्या तीन-चार जणांतच पुरेसा दिसतो. काढलेल्या तुकड्यावर तपासणी करू, मग कळेल." त्या भगवानरावकडे वळल्या. "काका, स्पष्ट सांगते. यकृतावर दोन डाग आहेत. यकृतात पेशींचे असेच जोड पित्ताला रक्तात जाऊ देत नाहीत. ते तिथे टिकलेत आणि पित्ताची वाटही अजून मोकळी आहे, म्हणून तुम्ही पिवळे पडला नाहीत. पण आजार तिकडे पोचलाय. पूर्ण बरं करता येणार नाही. औषध लागू पडलं तर काही महिने वाढतील, आणि खाता येईल."

"खाता येईन?" हे रुखमाबाईनं विचारलं. भगवानरावनं नाही.

"येईल. पण आधी त्रास होईल. क्लॉडिन चांगल्या पोटातही असतं, म्हणून औषध तिथेही थोडं लागतं. पहिल्या दोन-तीन वेळेस खूप उलट्या होतात."

"होऊ द्या," रुखमाबाई म्हणाली.

शरयूबाईंनी तिच्याकडे बघितलं. "तुम्ही कोण यांच्या?"

"भावजय."

तपासणीचं उत्तर यायला वेळ लागला. ती परत येऊन पोती शिवत होती. त्या दिवसांत तिचे टाके बिघडले. एक पोतं ओट्यावरच उसवलं, हरभरा सगळीकडे पसरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिनं तो दाणा दाणा वेचला, कुणाला हात लावू दिला नाही. मग मयुरीचा फोन आला. क्लॉडिन होतं, भरपूर होतं. त्या दवाखान्यात ह्या औषधाची चाचणी चालली होती, त्यात भगवानरावला घेतलं. रुखमाबाईनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "सापडला दोरा."

पहिल्या सलाईनला ती खाडा करून नागपूरला गेली. मी सोबत होतोच. औषध सुरू झालं आणि काही वेळात भगवानराव ओकायला लागला. मयुरी भांडं धरून होती. हरिओम बाहेर पळाला, त्याला बघवेना. रुखमाबाई स्टुलावर बसून बघत होती. नर्सनं सलाईन हळू केलं, उलटीचं इंजेक्शन दिलं. ओकणं थोडं थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं.

"गोविंदा असाच ओकायचा," रुखमाबाई म्हणाली. "तवा तू काय म्हनला? माह्या हातचं बाहीर पडून राह्यलं म्हनला. आता कोनाच्या हातचं पडून राह्यलं, सांग."

भगवानरावनं डोळे मिटले.

"डोये उघड. नळीवाल्यापाशी उघडे ठेवले होते ना?"

मयुरी म्हणाली, "काकू, पुरे."

"तू नको बोलू, बाई. तुह्यावर चारच दिस होतं."

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "मन भरलं का?" ती म्हणाली, "नाई." आणि आम्ही बस धरली.

दर तीन आठवड्यांनी औषध होतं. दुसऱ्या वेळीही तो ओकला, तिसऱ्या वेळी कमी. मग त्याला पेज राहू लागली, मग मऊ भात. पोटाचे फोटो काढले तेव्हा गाठ लहान झालेली होती. मयुरी रोज फोनवर सांगे. रुखमाबाईला त्याच्या तब्येतीशी देणंघेणं नव्हतं. तो एक घास गिळून पोटात ठेवू शकतो का, एवढंच तिला विचारायचं असे. कारण धोका तिला दिसत होता. पंगतीत तो ओकला असता तर गावानं म्हटलं असतं, पाहा, पुन्हा खाऊ घातलं. मग तिच्या अंगावरचं ते कधीच निघालं नसतं. तिनं शरयूबाईंना विचारून दिवस निवडला. औषधानंतर मळमळ पुरती ओसरलेली आणि पुढच्या औषधाला दोन दिवस बाकी.

गावजेवणाला तिनं रोडगे ठरवले. मारुतीच्या पारामागच्या मोकळ्या जागेत गोवऱ्यांचा विस्तव केला. ती पहाटेपासून तिथे होती. कणीक स्वतः मळली. स्वयंपाकाला माणसं लावली होती, पण एकालाही पिठाला हात लावू दिला नाही. रोडगे लाटणं, दुमडणं, विस्तवात घालणं, वरची राख झटकणं, सगळं तिनंच केलं. वय साठीच्या पुढे. मी हमालीत आयुष्य काढलं, असं काम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गाव आलं. न येऊन कसं चालेल, बघायचं होतं सगळ्यांना. माणसं पंगतीत बसली, पण हात मांडीवर ठेवून. गावातला चंद्रशेखर, जुना थट्टेखोर, मोठ्यानं म्हणाला, "रुखमाबाई, अँबुलन्स सांगून ठेवली का?" लोक हसले.

"तुह्यासाठी सांगितली," ती म्हणाली. "तू उपाशी मरशीन म्हनून." तेव्हा जास्त लोक हसले.

भगवानराव पहिल्या पानावर बसला होता. हरिओमनं त्याला पाठीशी लोड दिला होता. रुखमाबाई रोडगा, वरण आणि तूप घेऊन त्याच्यासमोर बसली. रोडगा मोडला, वरणात बारीक चुरला, तूप घातलं, बोटांनी मऊ होईपर्यंत कालवला. मग घास हातात घेऊन थांबली.

"बोल."

"गोविंदाले..." तो पुटपुटला.

"मोठ्यानं. मागच्याले आयकू जात नाई."

"गोविंदाले इनं काई घातलं नोतं," भगवानराव म्हणाला. "त्याले कॅन्सर होता. मले आहे तोच. मी इच्या नावानं खोटं बोललो. पानं मी उलटी करवली."

तिनं घास पुढे केला. त्यानं तोंड उघडलं. तो चावत होता आणि सगळं गाव त्याच्या जबड्याकडे बघत होतं. मग त्याच्या कपाळावर घाम आला. त्याचा हात तोंडाकडे गेला. हरिओम उठायला लागला.

"बस खाली," रुखमाबाई म्हणाली. ती भगवानरावच्या अगदी तोंडाशी वाकली. "गिळ, भगवान्या. थुकशीन तं तेच पुन्हा भरवीन."

त्याच्या मानेची शीर हलली. घास खाली गेला. तिनं दुसरा पुढे केला. तोही गेला. तिसरा झाल्यावर त्यानं हात जोडले. तो माफी मागत होता की पुरे म्हणत होता, मला कळलं नाही. तिनं त्या हातांकडे बघितलं नाही. ती उठली, वरणाची बादली घेतली आणि पुढच्या पानाकडे गेली. तिथे चंद्रशेखर होता.

"वाढ, बाई," तो म्हणाला. "भूक लागली."

सबंध गाव जेवलं. वाढायला अनेक जण उठले, तिनं कुणाच्या हातात पळी दिली नाही. एकेका पानाशी ती थांबे आणि पहिला घास तोंडात गेला की पुढे जाई. बायका, पोरं, म्हातारे, ज्यांनी तेव्हा पान उलटं केलं होतं तेही. मयुरीला तिनं शेवटी आपल्या शेजारी बसवलं आणि दोघी एका पानात जेवल्या. हरिओम म्हणाला, काकू, आता घरी चला, तुमचा हक्क आहे. तिनं त्याला उष्ट्या पत्रावळी गोळा करायला लावलं.

भगवानराव उन्हाळा निघेपर्यंत जगला. निरोप आला तेव्हा रुखमाबाई तुरीची पोती शिवत होती. मी विचारलं, जायचं का? ती म्हणाली, कायले? आणि सुतळी ओवली.

तिच्या बँकेत आता काही शिल्लक नाही. दाभण धरून बोटांची हाडं वाकडी झाली, तेवढ्या वर्षांच्या मजुरीतून एका दुपारचे गहू आले, तूरडाळ आली, वांगी, तूप, गोवऱ्या आणि पत्रावळी आल्या. भगवानरावच्या औषधाला त्यातला एक रुपयाही गेला नाही.